व्हँसेनचा बालेकिल्ला आणि बिनचौकशीची कैद

पॅरिस शहरातील सर्वांत जुनी भुयारी रेल्वे पूर्वेकडे जेथे संपते, त्या शेवटल्या स्थानकाचे नाव ‘शातो द व्हँसेन’, म्हणजे व्हँसेनचा किल्ला, असे आहे. पायऱ्या चढून वर आले की समोरच खंदक, तट आणि तटाच्या आत उभा असलेला सुमारे पन्नास मीटर उंचीचा बालेकिल्ला दृष्टीस पडतो. व्हँसेन हे पॅरिसच्या पूर्ववेशीस लागून असलेले लहानसे नगर. त्याचे क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरांहूनही कमी, आणि त्यात पन्नास हजारांच्या आसपास वस्ती दाटीने राहते. फ्रान्समधील अत्यंत दाट वस्तीच्या नगरांत त्याची गणना होते. एके काळी येथे ला पिसोत नावाची वाडी होती, आणि राजाच्या किल्ल्यास लागणाऱ्या चाकरमान्यांवर व कारागिरांवर तिचा संसार चाले. आज दुकानदार, नोकरदार आणि शाळकरी मुले ह्यांनी नगराचे रस्ते गजबजलेले असतात. दक्षिणेस सुमारे एक हजार हेक्टरांचे अरण्य आहे. ते १८६० साली पॅरिस शहराच्या स्वाधीन झाले, आणि सुटीच्या दिवशी शहरवासी तेथे हवा खाण्यास जातात.

पॅरिसच्या आसपास राजवाड्यांची वाण नाही. व्हर्साय, सँ-झेर्में, फाँतेनब्लो ही नावे आमच्या वाचकांच्या कानांवरून गेलेली असतील. ह्या सर्वांत शोभेच्या दृष्टीने व्हँसेन गरीबच म्हणावे लागेल. व्हर्सायचा वाडा राजाचे ऐश्वर्य कसे होते ते दाखवितो. पण राजाची सत्ता प्रजेतील एकेका माणसाच्या मानेवर कशी बसत होती हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने व्हँसेनला जावे. ज्या सत्तेस कारण सांगावे लागत नाही ती कोणाच्या बळावर टिकते आणि कोणाच्या हातून मोडते, ह्या प्रश्नाचा विचार करण्यास ह्याहून अधिक सोयीचे स्थळ आम्हांस तरी ठाऊक नाही.

आरंभ मात्र फार गोड आहे. बाराव्या शतकाच्या मध्यास सातव्या लुई राजाने ह्या रानात शिकारीसाठी एक वाडा बांधला. पुढे तेराव्या शतकात नववा लुई, ज्यास ख्रिस्ती लोक संत मानतात, तो येथे वरचेवर येऊन राही. त्याचा सोबती व चरित्रकार ज्वँव्हील ह्याने लिहून ठेविले आहे की, उन्हाळ्यात प्रार्थना आटोपली म्हणजे राजा रानात जाऊन एका ओकवृक्षास टेकून बसे, आणि ज्याची काही फिर्याद असेल त्याने सरळ समोर यावे, चोपदाराने वा द्वारपालाने त्यास अडवू नये, असा परिपाठ असे. फ्रान्समधील शाळांतून पिढ्यान् पिढ्या हे चित्र मुलांस दाखविण्यात आले. न्याय म्हटला की ओकवृक्ष आणि ओकवृक्ष म्हटला की व्हँसेन, असे समीकरणच तिकडे होऊन बसले आहे.

ह्या चित्रातील सौंदर्य आम्हांस मान्य आहे. उघड्यावर बसलेला न्यायाधीश, ऐकणारे चारचौघे, आणि फिर्यादी व राजा ह्यांच्यामध्ये कोणी दलाल नाही, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु ह्याच राजाच्या अमदानीत १२४२ साली पॅरिसच्या चौकात यहुदी लोकांच्या तालमूद ग्रंथाच्या गाड्याच्या गाड्या जाळण्यात आल्या, आणि १२६९ साली यहुद्यांनी अंगरख्यावर ओळखीचा बिल्ला लावावा असे फर्मान निघाले, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे. झाडाखालचा न्याय राजाच्या मनाएवढाच रुंद होता. राजा सज्जन तर न्याय सज्जन. राजाच्या मनात एखाद्या जातीविषयी अढी असेल तर तीच अढी न्यायातही उतरावयाची. आणि राजे तर बदलत असतात.

चौदाव्या शतकात त्या वाड्याच्या जागी किल्ला उभा राहिला. इंग्लंडशी शंभर वर्षांचे युद्ध पेटले त्याच सुमारास, १३३७ च्या आगेमागे, काम सुरू झाले, मध्यंतरी थांबले, आणि पाचव्या चार्लस राजाच्या हातून १३७० च्या सुमारास बालेकिल्ला पुरा झाला. चार कोपऱ्यांस चार बुरूज, एकावर एक सहा मजले, सुमारे तीन मीटर जाडीच्या भिंती. मध्ययुगात युरोपात बांधलेल्या अशा वास्तूंत ह्याहून उंच दुसरी आज उभी नाही. भोवतालचा एक किलोमीटरहून लांब असा नऊ बुरुजांचा तट १३८० पर्यंत झाला. चार्लस राजा ग्रंथप्रेमी होता. त्याचा जन्म येथलाच, आणि भुईकोटाच्या ह्या तटाआड बसून राज्याचा कारभार व विद्येचा व्यासंग दोन्ही चालवावे असा त्याचा बेत होता. इंग्लंडचा पाचवा हेन्री, ज्याने फ्रान्सला पुरते नमविले होते, तो १४२२ साली हगवणीने ह्याच किल्ल्यात मरण पावला. ही राजेरजवाड्यांची हकिकत आम्ही येथेच सोडतो. बांधकामाचा एक गुण एवढाच सांगावयाचा की, जी भिंत शत्रूस आत येऊ देत नाही ती आतल्या माणसास बाहेरही जाऊ देत नाही. राजांनी राहण्यास अधिक हवेशीर वाडे बांधले, आणि रिकामा झालेला बालेकिल्ला सोळाव्या शतकापासून सरकारी बंदीखाना म्हणून उपयोगात येऊ लागला.

तेथे माणूस जाई कसा, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. त्यासाठी ना फिर्याद लागे, ना साक्षीपुरावा, ना निवाडा. ‘लेत्र द काशे’ म्हणून एक पत्र असे. राजाची सही, खाली एका मंत्र्याची सही, आणि पत्र मिटून त्यावर राजाची लहान मोहोर. आत मजकूर दोन-चार ओळींचा: अमक्यास अमक्या किल्ल्यात नेऊन पुढील हुकूम होईपर्यंत ठेवावे. अपराध कोणता ते लिहिलेले नसे, आणि मुदत किती तेही लिहिलेले नसे. कैद्याने विचारावे कोणास? किल्लेदार म्हणे मला ठाऊक नाही, आणि बहुधा ते खरेच असे. पुढील हुकूम आला तर सुटका. विसरला गेला तर तो माणूसही विसरला गेला.

हे सर्व पाप राजाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, आणि पुष्कळ ग्रंथकारांनी तसे केलेही आहे. परंतु दफ्तरे उलगडून पाहणाऱ्या पंडितांस निराळेच दिसून आले. अठराव्या शतकात निघालेल्या ह्या पत्रांपैकी बहुसंख्य पत्रे राज्यकारभाराच्या गरजेने निघालेली नव्हती. ती घराघरांतून मागितलेली होती. मुलगा जुगारी निघाला, मुलीने भलत्याच माणसाशी लग्न लाविले, नवरा दारूडा आहे, बायको हाताबाहेर गेली, पुतण्याने कुळास बट्टा लाविला. की बाप, सासू, चुलता पोलिसांच्या मुख्याकडे अर्ज करी. कोर्टात गेले तर चारचौघांत अब्रू जाते. मोहोरबंद पत्राने मात्र गाजावाजा न होता काम होते. कैद्याच्या खाण्यापिण्याचा खर्च पुष्कळदा घरचेच लोक भरीत. अशा रीतीने राजाच्या मोहोरेस गिऱ्हाईक घराघरांत होते. ज्या व्यवस्थेची झळ उद्या आपणांस लागू शकेल तीच आज आपल्या सोयीची म्हणून प्रतिष्ठित गृहस्थ तिचे उंबरे झिजवीत होते. जुलूम केवळ वरून खाली येतो ही समजूत किती अपुरी आहे, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

व्हँसेनच्या कैद्यांत मोठमोठी नावे आहेत. सरदार, कार्डिनल, राजपुत्र. त्यांतील एकाची हकिकत आमच्या व्यापारी वाचकांस विशेष रुचेल. १७४९ च्या जुलै महिन्याच्या २४ तारखेस दनी दिदेरो नावाच्या पस्तीस वर्षांच्या लेखकास धरून बालेकिल्ल्यात टाकण्यात आले. त्याने ‘आंधळ्यांविषयी पत्र’ हे लहानसे पुस्तक नाव न घालता छापविले होते. ज्यास दृष्टी नाही तो ज्ञान कसे मिळवितो, आणि सृष्टीचे सौंदर्य पाहून ईश्वर मानावा असे जे म्हणतात त्यांस जन्मांधाने काय उत्तर द्यावे, असा त्यात विचार होता. धर्माधिकाऱ्यांस तो झोंबला. दिदेरोने प्रथम पुस्तक आपले नव्हेच असे सांगितले. पुढे कोठडीतील एकांताने त्याचे मन खचले, आणि त्याने कबुली देऊन पुन्हा असे लिहिणार नाही असे वचन लिहून दिले. त्याच्या मुलीने सांगितलेली हकिकत अशी की, कागद-शाई नसताना त्याने भिंतीवरील पाटीचा दगड खरवडून ती पूड मद्यात कालविली, दात कोरण्याच्या काडीची लेखणी केली, आणि जवळच्या पुस्तकाच्या समासांत टिपणे लिहिली.

त्याच्या सुटकेसाठी खटपट केली ती तत्त्ववेत्त्यांनी नव्हे, तर पुस्तकविक्यांनी. ल ब्रताँ, ब्रियासाँ, दाविद आणि द्युराँ ह्या चौघा पॅरिसच्या पुस्तकव्यापाऱ्यांनी भागीदारीत एका महान ज्ञानकोशाचे काम हाती घेतले होते, त्यात पुष्कळ भांडवल गुंतविले होते, आणि त्याची सर्व सूत्रे एकट्या दिदेरोच्या हाती होती. त्यांनी मंत्र्याकडे अर्जावर अर्ज केले. विचारस्वातंत्र्याचा त्यांत उच्चारही नव्हता. संपादक कोठडीत राहिला तर आमचा धंदा बुडतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या अर्जांचा परिणाम झाला. ऑगस्टमध्ये दिदेरोस बालेकिल्ल्यातून काढून तटाच्या आतील मोकळ्या इमारतीत ठेविले, फिरण्याची व माणसे भेटण्याची परवानगी दिली, आणि नोव्हेंबरच्या ३ तारखेस सोडून दिले. पुढे १७५१ पासून १७७२ पर्यंत मजकुराचे सतरा आणि चित्रांचे अकरा असे त्या कोशाचे खंड निघाले. चार हजारांवर वर्गणीदार मिळाले. विणकराचा माग, लोहाराचा भाता, छापखान्याचा दाब ह्यांची नीटस चित्रे आणि वर्णने ज्यात आहेत असा हा ग्रंथ कारागिरांच्या हातांस विद्येचा मान देणारा ठरला. व्यापाऱ्याच्या हिशेबी बुद्धीने विचाराचे रक्षण होते, हे कित्येक विद्वानांस कमीपणाचे वाटेल; आम्हांस तसे वाटत नाही. भांडवल कायद्याच्या आश्रयावाचून सुरक्षित नाही हे त्या चौघांस शंभर दिवसांत कळून चुकले असेल.

जाता जाता आणखी एक गोष्ट. ज्या वेळी बालेकिल्ल्यात दिदेरो दगडाची शाई करीत होता, त्याच वेळी त्याच तटाच्या आत चिनी मातीची नाजूक फुले तयार होत होती. १७४० साली येथे मातीकामाचा कारखाना निघाला होता, आणि खऱ्या फुलांस लाजवील अशा त्याच्या फुलांस राजदरबारी मोठी मागणी होती. १७५६ साली तो कारखाना सेव्र गावी हलला आणि त्याच नावाने जगप्रसिद्ध झाला.

दिदेरोस भेटावयास त्याचा मित्र रूसो पॅरिसहून पायी येई. भाड्याच्या गाडीस पैसे नसत. अशाच एका फेरीत वाटेने वर्तमानपत्र वाचीत असता, विद्या व कला ह्यांच्या पुनरुज्जीवनाने लोकांची नीती सुधारली काय, ह्या विषयावर दिजाँच्या विद्वत्सभेने निबंध मागविल्याची सूचना त्याने वाचली, आणि तो वेड्यासारखा एका झाडाखाली बसून राहिला, असे तो स्वतःच सांगतो. त्या निबंधास १७५० साली बक्षीस मिळाले, आणि युरोपास रूसो ठाऊक झाला. व्हँसेनच्या वाटेवर झाडाखाली बसलेला हा दुसरा पुरुष; पहिल्याच्या वंशजांचे सिंहासन ज्या विचारांनी पुढे डळमळले, त्यांतील काहींचा उगम ह्या दुसऱ्याच्या लेखणीत आहे.

१७७७ साली मिराबो नावाचा एक उमराव व्हँसेनमध्ये आला. त्यास येथे धाडविणारा त्याचा जन्मदाता बाप होता. हे बापगृहस्थ ‘मानवांचा मित्र’ ह्या नावाच्या ग्रंथाचे कर्ते म्हणून युरोपात मान्यता पावलेले. परोपकारावर ग्रंथ लिहिणारा पुरुष स्वतःच्या मुलासाठी मोहोरबंद पत्र मागतो, ही विसंगती फ्रान्सपुरतीच आहे असे आमच्या वाचकांनी समजू नये. मुलगाही काही कमी नव्हता. कर्जबाजारी, उधळ्या, आणि दुसऱ्याची बायको घेऊन हॉलंडात पळून गेलेला. साडेतीन वर्षे तो येथे होता. त्याच सुमारास मार्की द साद हाही येथेच होता. त्यास सासूच्या खटपटीने ठेविलेले. दोघांचे भांडण झाले, आणि एकमेकांस त्यांनी यथेच्छ शिव्या दिल्या. परंतु मिराबोने कैदेत बसून मोहोरबंद पत्रे आणि सरकारी बंदीखाने ह्यांवर एक ग्रंथ लिहिला व तो १७८२ साली छापून निघाला. राजाच्या मर्जीने होणारी कैद कायद्याने कशी निराधार आहे ह्याची त्यात फोड आहे, आणि किल्लेदार कैद्यांच्या जेवणावर पैसा कसा खातो ह्याचाही हिशेब आहे. बापाने ज्यास गप्प बसविण्यासाठी येथे कोंडले, तोच १७८९ साली राष्ट्रसभेत सर्वांहून मोठ्या आवाजाने बोलू लागला.

हे झाले नामांकित लोक. आम्हांस सर्वांहून मोठी वाटते ती एका किरकोळ दुकानदारणीची गोष्ट.

लात्यूद नावाचा एक तरुण १७४९ साली कैदेत पडला. त्याने राजाच्या आवडत्या मादाम द पोंपादूर हिच्याकडे निरुपद्रवी पुडीची एक पेटी टपालाने पाठविली, आणि मग स्वतःच जाऊन तिला कळविले की तुमच्यावर विषप्रयोगाचा कट आहे. बक्षीस मिळेल अशी आशा. लबाडी उघडकीस आली. दोन-चार वर्षांची शिक्षा त्यास न्यायाने झाली असती तर कोणी हळहळले नसते. पण त्यास न्याय मिळालाच नाही. मिळाले ते पत्र. बास्तीय, व्हँसेन, शाराँताँ, बिसेत्र अशा बंदीखान्यांतून मिळून त्याची सुमारे पस्तीस वर्षे गेली. व्हँसेनमधून तो दोनदा निसटला, १७५० साली व १७६५ साली; बास्तीयमधून दोरीच्या शिडीने उतरून गेला; प्रत्येक वेळी पुन्हा पकडला गेला. ज्या बाईचा त्याने अपराध केला होता ती १७६४ सालीच मरून गेली, तरी त्याची कैद चालूच राहिली. मोहोर उठविणारा हात गेला तरी मोहोर उरते.

१७८१ साली त्याने लिहिलेल्या अर्जाचे एक पुडके तुरुंगातील नोकराच्या हातून रस्त्यात पडले, आणि मादाम लग्रो नावाच्या बाईस सापडले. सुया, दोरे, फिती असला किरकोळ माल विकून ती पोट भरीत असे. तिने पुडके उघडले, वाचले, आणि हा कोण कुठला माणूस आहे ह्याचा शोध घेण्याचे मनात आणिले. लात्यूद तिच्या नात्याचा नव्हता, गावचा नव्हता, त्याचे तोंडही तिने पाहिलेले नव्हते. तीन वर्षे ती मोठ्या लोकांचे दरवाजे ठोठावीत हिंडली. कोणी भेट नाकारली, कोणी वचन देऊन विसरले. ही बाई पुन्हा जाई. १७८४ साली लात्यूद सुटला. फ्रेंच अकादमीने त्या बाईस सदाचरणाचे पारितोषिक दिले. लात्यूद मोठा बढाईखोर होता आणि आपल्या हालांची हकिकत त्याने पुढे तिखटमीठ लावून सांगितली, असे आता सिद्ध झालेले आहे. त्याने मादाम लग्रोच्या कामाचे मोल तिळमात्र कमी होत नाही. साधूची बाजू घेण्यास फारसे धैर्य लागत नाही. ज्या समाजात प्रतिष्ठित घरे पत्रे मागत होती, त्याच समाजात ही दुकानदारीण एक पत्र परत फिरविण्यासाठी जोडे झिजवीत होती.

त्याच १७८४ साली सरकारने घरगुती अर्जांवरून निघणाऱ्या पत्रांस आळा घातला, आणि व्हँसेनचा बंदीखानाही बंद झाला. साद ह्यास तेथून बास्तीयमध्ये नेले. पाच वर्षांनी लोकांनी बास्तीय फोडली. १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, कायद्याने ठरविलेल्या प्रसंगावाचून आणि कायद्याच्या रीतीवाचून कोणास पकडता वा ठेविता येणार नाही, हे तत्त्व ग्रथित झाले. १७९० साली मोहोरबंद पत्रे रद्द झाली.

येथे गोष्ट संपली असती तर किती बरे होते! पण १७९१ च्या फेब्रुवारीत, पॅरिसचे तुरुंग भरून गेले म्हणून, व्हँसेनच्या बालेकिल्ल्याची डागडुजी सुरू झाली. सँ-आँत्वानच्या कामकरी वस्तीतील लोकांस संशय आला की ही नवी बास्तीय तयार होत आहे. ते पहारी व कुदळी घेऊन निघाले आणि तोडफोड करू लागले. लाफायेत पलटण घेऊन आला, त्याने त्यांस आवरले, पुष्कळांस पकडले, आणि बालेकिल्ला वाचला. प्राचीन वास्तूचा नाश टळला म्हणून आज आपण त्यास धन्यवाद देऊ; परंतु त्या अडाणी म्हटलेल्या लोकांचे भय खोटे नव्हते. १८१० साली नेपोलियनने एका हुकुमाने आठ सरकारी बंदीखाने कायम केले. त्यांत व्हँसेन होतेच. खटला चालविणेही सोयीचे नाही आणि मोकळे सोडणेही सोयीचे नाही, अशांस तेथे ठेवावयाचे. राजा गेला, मोहोर गेली, बादशहा आला, हुकूम आला.

त्याच्या आधी, १८०४ च्या मार्चमध्ये, ह्याच खंदकात एक कृत्य घडून गेले होते. बूर्बाँ घराण्यातील आंगियाँचा ड्यूक ह्यास नेपोलियनच्या शिपायांनी शेजारच्या बाडेन राज्याच्या हद्दीतून पळवून आणिले. २० मार्चच्या संध्याकाळी तो व्हँसेनला पोहोचला. रात्रीच सात लष्करी अंमलदारांपुढे त्यास उभे केले. वकील नाही, साक्षीदार नाही. पहाटेपूर्वी त्यास खंदकात गोळ्या घातल्या. खड्डा आधीच खणून ठेविलेला होता. निवाड्याच्या मूळ कागदात, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाअन्वये शिक्षा, ती जागा कोरी सोडलेली होती. न्यायाधीशांनी कोऱ्या जागेखाली सह्या केल्या. ड्यूक हा क्रांतीचा शत्रू होता, फ्रान्सविरुद्ध त्याने शस्त्र धरिले होते, हे खरे. पण हे खरे असताना कायद्याचे कलम लिहिण्यास भिण्याचे कारण काय?

ह्या काळोखात एक उजेडाची रेघ आहे. दोमेनिल नावाचा सेनापती व्हँसेनचा किल्लेदार होता. वाग्रामच्या लढाईत १८०९ साली त्याचा एक पाय गेला होता, आणि लोक त्यास लाकडी पायाचा म्हणून ओळखीत. १८१४ साली शत्रूच्या फौजा पॅरिसात शिरल्या तेव्हा, आधी माझा पाय परत द्या मग किल्ला देतो, अशा अर्थाचे उत्तर त्याने पाठविले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. आम्हांस त्याहून १८३० चा प्रसंग थोर वाटतो. त्या साली दहाव्या चार्लस राजाच्या मंत्र्यांनी वर्तमानपत्रांचे स्वातंत्र्य हिरावून घेणारे व निवडणुकीचे नियम फिरविणारे हुकूम काढले. पॅरिसचे पत्रकार व छापखान्यांतील कामकरी उठले, तीन दिवस रस्त्यांत लढाई झाली, राजा पळाला. पोलिन्याक व त्याचे तीन सोबती मंत्री पकडले जाऊन व्हँसेनमध्ये चौकशीची वाट पाहत होते. ऑक्टोबरमधील एका रात्री खवळलेला जमाव मशाली घेऊन किल्ल्याच्या दाराशी आला आणि त्यांची मुंडकी मागू लागला. दोमेनिल कुबडीवर टेकत पुढे झाला. हे लोक कायद्याच्या स्वाधीन आहेत, कायद्यावाचून दुसऱ्या कोणास मिळणार नाहीत. आत शिरलात तर दारूखान्यास बत्ती देईन, असे त्याने बजाविले. जमाव परतला. डिसेंबरमध्ये उमरावांच्या सभेपुढे रीतसर खटला चालला, चौघांस जन्मठेप झाली, आणि १८३६ साली त्यांस माफी मिळाली.

वर्तमानपत्राचा धंदा करणाऱ्या आम्हांस त्या मंत्र्यांविषयी प्रेम असण्याचे कारण नाही. ज्यांनी लेखण्या मोडण्याचा हुकूम काढला त्यांस रस्त्यावर फाडून टाकले असते, तर कित्येक छापखान्यांत त्या दिवशी आनंद झाला असता. तथापि त्या चार माणसांस जो न्याय मिळाला तो दिदेरोस मिळालेला नव्हता, लात्यूदला मिळालेला नव्हता, आंगियाँच्या ड्यूकास मिळालेला नव्हता. ज्यांची बाजू घेण्यास कोणीही नाही अशांस तो मिळावा म्हणून एका लंगड्या शिपायाने आपला किल्ला उडवून देण्याची तयारी केली. सेंट लुईच्या ओकवृक्षाहून हे दार आम्हांस अधिक वंदनीय वाटते.

पुढील हकिकत थोडक्यात सांगतो. १८५९ साली पॅरिसहून व्हँसेनला आगगाडी सुरू झाली. तिचे स्थानक बास्तीयच्या चौकात होते, म्हणजे एका बंदीखान्याच्या जागेवरून निघून दुसऱ्या बंदीखान्याच्या दाराशी उतरावयाचे. ते स्थानक १९६९ साली बंद झाले. १९३१ साली येथल्या अरण्यात वसाहतींचे भव्य प्रदर्शन भरले. अंकोरवाटच्या देवळाची प्रचंड प्रतिकृती उभारली होती, आणि जिंकलेल्या देशांची माणसे व कारागिरी पाहण्यास लक्षावधी लोक लोटले. त्या प्रदर्शनाविषयी पुष्कळ लिहिण्यासारखे आहे, पण ते दुसऱ्या प्रसंगी. १९४४ च्या ऑगस्टमध्ये, पॅरिस मुक्त होण्याच्या आदल्या दिवसांत, जर्मन फौजेने ओलीस धरलेल्या लोकांस येथे गोळ्या घातल्या, आणि जाताना दारूगोळ्याचे स्फोट करून राजाच्या व राणीच्या महालांस मोठी इजा केली. बालेकिल्ला उभा राहिला. परंतु त्यासही पुढे भेगा पडू लागल्या. बारा वर्षे दुरुस्ती चालून २००७ साली तो पुन्हा लोकांस खुला झाला. आत गेले म्हणजे कैद्यांनी भिंतींवर कोरलेली अक्षरे व रंगविलेली चित्रे अद्यापि पाहावयास मिळतात.

किल्ल्यात आज फ्रान्सच्या लष्कराचा दफ्तरखाना आहे. १९१७ साली माता हारी ह्या नावाने नाचणाऱ्या एका डच बाईस हेर ठरवून व्हँसेनच्या लष्करी मैदानावर गोळ्या घालण्यात आल्या. आपण हिंदुस्थानातील देवळात नाच शिकलो अशी थाप मारून तिने पॅरिसचे रंगमंच गाजविले होते. तिचा खटला जुलै महिन्यात दोन दिवसांत आटोपला, आणि बंद दाराआड झाला. प्रेक्षक व बातमीदार ह्यांस बाहेर काढले होते. ती खरोखर किती दोषी होती ह्यावर शंभर वर्षे वाद चालला, कारण कागद सर्वांस खुले नव्हते. २०१७ साली ते कागद खुले करण्यात आले. जबान्या, तारा, आणि तिच्या हातची पत्रे, सर्व त्याच व्हँसेनच्या दफ्तरात आहेत, आणि ज्यास वाचावयाची असतील त्यास आता ती वाचता येतात.